फुकटची चाल

मागच्या खोलीवरून ताई आणि धाकटा यांच्यात जुंपली, तेव्हा या भावाबहिणींचे केस केव्हाच पिकले होते. मागची खोली शांत. रस्त्याकडच्या खोलीखाली मात्र मोटारसायकली दुरुस्त करणारा एकजण दिवसभर इंजिनं गुरगुरवत बसे. शेवटी धाकट्याची बायको दोघांना वैतागली.

"दोघंही बुद्धिबळाचे प्रोग्राम लिहिता ना? मग लावा झुंज. जिंकेल त्याची खोली. माझं डोकं सोडा."

धाकटा मनातल्या मनात तिथं खुर्ची टाकून बसलासुद्धा. ताईचा प्रोग्राम म्हणजे गोगलगाय. एखादी चाल कुचकामी आहे हे पुरतं सिद्ध झाल्याशिवाय तो तिचा नाद सोडत नसे. धाकट्याचा वाऱ्यावर स्वार. त्याची युक्तीच तशी होती. आपण चाल खेळलोच नाही, समोरच्याला लागोपाठ दुसरी चाल फुकट दिली, असं प्रोग्राम मनाशी धरी. एवढं औदार्य करूनही आपलं पारडं जड राहिलं, तर त्या वाटेनं पुढे बघायचंच कशाला? तिथंच कात्री!

"म्हणजे हातात चाल असणं नेहमी चांगलंच, असं तू धरून चालतोस?" ताईनं चष्मा पुसत विचारलं.

"अगं, काहीतरी बरं करता येतंच की!"

"येतं बाबा, येतं," ताई म्हणाली आणि आणखी कपभर चहा त्याच्यापुढे सरकवला. तो प्यायला आणि उरलेलंही सांगून बसला.

रविवारी जेवणाच्या टेबलावर दोन संगणक समोरासमोर आले. मधे लाकडी पट. बायको पंच; पडद्यावरच्या चाली तीच पटावर खेळायची. ताईच्या प्रोग्रामनं सुरुवातीपासून मारामारीचा सपाटा लावला. वजीर गेले, हत्ती गेले, घोडे-उंटही गेले.

"ताई, घर आवरायला काढलंस की काय?"

"वय झालं रे. पसारा सोसत नाही."

धाकट्याच्या पडद्यावरचा आकडा सांगत होता, सगळं आलबेल. तो खुशीत पाय हलवत होता. पटावर शेवटी दोन राजे आणि दोन प्यादी उरली. प्यादी एकमेकांची वाट अडवून उभी. त्याचा राजा तिच्या प्याद्याला खेटून, तिचा राजा त्याच्या. जो आधी हलेल, त्यानं आपलं प्यादं गमावलंच म्हणून समजा. आणि चाल होती धाकट्याची.

त्याचा पाय थांबला. वेळ पडली तर गप्प बसू, या भरवशावर त्याचा प्रोग्राम हसतखेळत इथवर आला होता. पण पटावर गप्प बसायची सोय नसते.

"खेळा की," बायको म्हणाली.

"विचार करतोय तो."

"वाऱ्यावर स्वार होता ना?"

राजा हलला. प्यादं गेलं. ताईचं प्यादं निवांत चालत जाऊन वजीर झालं.

"ही लबाडी आहे! मोहरे मुद्दाम संपवलेस तू!"

"अर्थात मुद्दाम. भरल्या पटावर चाल असली तर बरंच असतं. रिकाम्या पटावर तीच गळ्यात पडते. अशा वेळी युक्ती बंद ठेवायची, एवढी एक ओळ लिहायची होतीस."

"लिहिणार होतो गं," धाकटा पुटपुटला. "पण तपासणी वाढली की प्रोग्राम जरासा मंदावतो."

"मग घे, झालास की नाही झटपट मोकळा!"

"सामान उद्या हलवलं तर? पाठ धरलीय माझी."

"चाल सोडता येत नाही," पंचांनी निकाल दिला. "उचला खुर्ची."

संध्याकाळी रस्त्याकडच्या खोलीत बसून त्यानं ती ओळ लिहिली. खाली कुणाचंसं इंजिन खोकत होतं, भिंतीवरचं कॅलेंडर थरथरत होतं. प्रोग्राम खरंच थोडा मंदावला, पण त्या दोन प्याद्यांपाशी या वेळी फसला नाही. धाकटा उठून धावत मागच्या खोलीच्या दाराशी गेला.

"ताई! पुन्हा एक डाव! याच खोलीवर!"

आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"काय म्हणालास? इथं काही ऐकू येत नाही रे. फार शांत आहे."