कहाणी सांभाळणारा डबा

मी प्रमोदिनीबाईंच्या घरातला डबा बोलतोय. डबा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पितळी झाकण येईल, आत लाडू नाहीतर चिवडा. तसं माझ्यात खायला काही नाही. मी काळा, पोटात दोन हार्डडिस्क असलेला आणि पुढे हिरवे दिवे लुकलुकवणारा साठवणीचा डबा आहे. बाईंची लेक अपूर्वा मला कसल्याशा इंग्रजी नावाने हाक मारते. बाई पहिल्या दिवसापासून डबाच म्हणतात, आणि मला तेच आवडतं.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते लोणावळ्याचं हे घर आणि खोका उघडताना आलेला उदबत्तीचा वास. मला आणलं बाईंच्या यजमानांनी, गोपाळकृष्णकाकांनी. देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झाल्यावर त्यांना फोटो काढायचा नाद लागला. ते फोटो ठेवायला मी. जागा मिळाली ती स्वयंपाकघरातल्या देवघराच्या खालच्या फळीवर, कारण इंटरनेटची वायर तिथवरच पोहोचत होती.

पहिल्या दसऱ्याला बाईंनी पाटा-वरवंटा, शिवणयंत्र आणि मी, अशी सगळ्यांची पूजा केली. माझ्या जाळीवर चांगलं बोटभर कुंकू लावलं.

"आई, त्या जाळीतून त्याला हवा लागते! तू तर नाकच बंद केलंस त्याचं," अपूर्वा ओरडली.

"बरं बाई, पुसते. पण कडेला एक टिळा राहू दे. घरात राबतो तो."

तो टिळा अजून आहे.

माझ्या आयुष्याला खरा अर्थ आला तो शकुबाईंमुळे. शकुबाई पवना धरणाजवळच्या तिकोणा पेठ गावच्या. लोणावळ्याच्या बाजारात पावटा, वाल घेऊन यायच्या. मार्गशीर्षातल्या गुरुवारी माल संपला की टोपली बाहेर ठेवून बाईंकडे कहाणी ऐकायला बसायच्या. त्यांना वाचता येत नाही. बाई सांगायच्या, त्या मुठीत अक्षता धरून ऐकायच्या. कहाणी पुरी झाली की अक्षता देवीला वाहायच्या आणि मग घरी जाऊन उपास सोडायचा, असा त्यांचा नेम. मुलगा सुरज मोठ्या दुखण्यातून उठला तेव्हा त्यांनी हा वसा घेतला होता.

पुढे शकुबाईंचे गुडघे गेले. बाजार सुटला. एक दिवस त्यांचा फोन आला.

"ताई, ह्या साली मला यायला जमायचं न्हाई. आता माझी कहाणी कोन सांगनार वो?"

सुरज उर्से टोलनाक्यावर कामाला. रात्रपाळी असली की संध्याकाळपासून सकाळपर्यंत शकुबाई घरात एकट्याच असतात. बाई दिवसभर अस्वस्थ होत्या. संध्याकाळी काकांना म्हणाल्या, "अहो, तो कॅमेरा काढा बरं. मी पूजा मांडते आणि कहाणी सांगते. शकुबाई बघतील."

काकांनी तो व्हिडिओ काढला. कलश, पाच पानं, फुलं, बाईंचा शांत आवाज. आणि तो माझ्या पोटात आला. आधी त्यांनी तो इंटरनेटवरच्या एका फुकटच्या ठिकाणी चढवला. पण कहाणीतली राणी दारात उभी राहिली आणि मध्येच साबणाची जाहिरात लागली.

शकुबाई फोनवर हसून म्हणाल्या, "ताई, तुमी साबन बी इकाया लागला व्हय?"

बाईंना काही हसू आलं नाही. अक्षता एकदा मुठीत घेतल्या की कहाणी मध्ये तोडायची नाही, हा त्यांच्या घराचा नियम. त्यांच्या आईकडून आलेला. फोन वाजो, दाराची बेल वाजो, बाई उठत नाहीत.

मग अपूर्वाने मुंबईकडे एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. ती हिंजवडीत असल्याच कामात असते. सर्व्हर म्हणजे दारावर बसलेला माणूस समजा. कुणी बाईने फोनवर बोट लावलं की तो विचारतो, काय पाहिजे? पण सामान त्याच्याकडे नव्हतं, सामान माझ्याकडे. अपूर्वाने अशी जोडणी केली की सर्व्हरला मी त्याच्याच घरातलं फडताळ वाटावं. त्याने हात घालायचा, मी इथून लोणावळ्याहून द्यायचं, त्याने पुढे पोहोचवायचं. त्या वर्षी ऐकणाऱ्या मोजक्याच होत्या. सगळं सुरळीत झालं. गुरुवारी संध्याकाळी माझा दिवा लुकलुकू लागला की बाई म्हणायच्या, "बसल्या वाटतं शकुबाई." त्या वेळी मला स्वतःबद्दल फार बरं वाटायचं. देवघरातल्या समईइतकंच आपलंही काहीतरी काम आहे, असं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी त्या ऐकणाऱ्यांतल्या तळेगावच्या नंदाबाईंनी हा व्हिडिओ आपल्या भजनी मंडळात पाठवला. तिथून तो आणखी मंडळांत गेला. सगळ्यांचा दिवेलागणीचा मुहूर्त एकच. अपूर्वाला आधीच काळजी लागली. मार्गशीर्षापूर्वीच्या रविवारी ती घरी आली आणि ओट्यावर स्टीलचे डबे मांडून आईला समजावू लागली.

"हे बघ. आपल्या घरातून बाहेर जाणारी वाट अरुंद आहे. एकाच वेळी सगळ्या बायका मागायला लागल्या की हा डबा पुरा पडायचा नाही. सर्व्हर बिचारा हात पसरून बसून राहणार."

"मग सगळं त्या सर्व्हरवरच ठेव."

"त्याच्याकडे जागा कुठे आहे? तुझ्या वर्षभराच्या पूजा आहेत, बाबांनी कॅमेऱ्यात घेतलेल्या रांगोळ्यांच्या फिल्मा आहेत. आणि तो एकटा बिघडला तर सगळंच गेलं. त्यापेक्षा आता इंटरनेटवर दूरची कोठारं भाड्याने मिळतात. तिथे वस्तू नावानिशी ठेवायची. ज्याला हवी त्याला कोठारच थेट देतं, सर्व्हर फक्त पत्ता सांगतो. गर्दी झाली तरी कोठाराला फरक पडत नाही."

"चांगलं आहे की. कर तसं."

"पण एक आहे. तुझी कहाणी एकच मोठी फाईल आहे. शकुबाईंकडे रेंज किती, माहीत आहे ना? त्यांना ती अख्खी झेपत नाही. तिचे छोटे छोटे तुकडे करून ठेवायचे. रेंज कमी असेल तिथे हलक्या चित्राचे तुकडे जातात."

बाईंच्या हातातला कोथिंबिरीचा देठ तिथेच थांबला. "तुकडे? कहाणीचे?"

"दिसणार नाहीत गं ते. ऐकणारीला सलगच ऐकू येणार."

"दिसत नाहीत म्हणून झालेले नसतात का? कहाणीचे तुकडे माझ्या हातून व्हायचे नाहीत, अपूर्वा."

"हातून नाही, कॉम्प्युटर करतो!"

"माझ्या घरातला कॉम्प्युटर."

काका पेपरामागून म्हणाले, "एकमेकींना सोडा आणि त्या डब्याला विचारा, त्याचं काय म्हणणं आहे."

मला विचारलं असतं तर मी तरी काय सांगणार होतो? माझ्या पोटातली ती कहाणी अखंड होती, आणि बाईंनी माझ्यावर विश्वास टाकला होता. अपूर्वा रागावून डबे परत लावून गेली. जोडणी होती तशीच राहिली.

पहिला गुरुवार आला. दिवे लागले आणि एकदम सगळीकडून मागणी सुरू झाली. तळेगाव, वडगाव, कामशेत, कुठून कुठून. माझे दिवे लुकलुकायचे थांबेनात. मी देत होतो, पण वाटेतच गर्दी होती. पवनेकडून मागणी आली ती शकुबाईंची, ती मी ओळखतो. थोडं गेलं, थांबलं. परत पहिल्यापासून मागणी आली. परत थांबलं. मग पुन्हा पहिल्यापासून. नंतर ती यायचीच बंद झाली. मला वाटलं, झाली असेल कहाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दूध तापवत होत्या. फोन आला. काम करताना त्या फोन मोठ्या आवाजावर ठेवतात, म्हणून मी सगळं ऐकलं. शकुबाईंच्या शेजारच्या रतनबाई बोलत होत्या.

"ताई, शकूआक्काला चक्कर आली. सुरज रातपाळीला गेल्याला. म्या च्या द्यायला गेले तर देवीपुढं भुईवर पडल्याली. मुठीत तांदूळ तसंच. कालपासनं पोटात कायबी न्हाई तिच्या."

बाईंनी गॅस बंद केला. "आता कशी आहे? डॉक्टर?"

"आले हुते. साखर लय खाली गेलती म्हनाले. आता सावध हाय. बोला तिच्याशी."

मग शकुबाईंचा बारीक आवाज आला. "ताई, तुमी घाबरू नगा."

"शकुबाई, का नाही जेवलात हो?"

"कहाणी पुरी झाली न्हाई ना. ते चाक फिराया लागलं. पडद्यावर येतं बघा, गोल गोल. म्हटलं, माझंच काय तरी चुकलं आसंल. हात धुतलं, परत पयल्यापासनं लावली. परत चाक. मग पाय बी धुतलं. देवीच्या मनात न्हाई, आसं वाटलं."

"मला फोन करायचा ना!"

"काय सांगनार तुमाला? देवी माझ्यावर रुसली म्हनून?"

बाई खाली बसल्या. मग त्या म्हणाल्या, "शकुबाई, नीट ऐका. देवी रुसलेली नाही. ते चाक आमच्या घरच्या वायरीचं आहे. आमच्याकडून तुमच्यापर्यंत येईना म्हणून ते फिरतं. तुमचं काही म्हणजे काही चुकलेलं नाही."

"खरं सांगता?"

"देवघरासमोर बसून सांगते आहे. आणि आधी खा. रतनबाई, त्यांना मऊ भात द्या. माझ्यासमोर द्या, मी ऐकते."

फोन ठेवल्यावर त्यांनी देवीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. रागाने नाही. मग अपूर्वाला फोन लावला.

"कर तुकडे."

"आई, नक्की ना? तुझा नियम…"

"नियम मी कहाणीचा सांभाळला, आणि ऐकणारी उपाशी पडली. आईने नियम घातला तो कशासाठी? ऐकणारीचं मन भरकटू नये म्हणून. ती माउली तर कहाणीसाठी जीव टाकून बसली होती. तू रविवारी ये. मात्र कापायचं ते माझ्यासमोर."

रविवारी अपूर्वा लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसली. बाई अंघोळ करून, पाट मांडून, मुठीत अक्षता घेऊन समोर.

"आई, हे काय आता?"

"तू कापत असशील तोवर मी ती मनात सलग सांगते. कुणीतरी अखंड धरून ठेवायला हवी."

अपूर्वाने काम सुरू केलं. माझ्या पोटातून कहाणी बाहेर निघाली, तिचे इवले इवले तुकडे होत गेले, जाड चित्राचे वेगळे, हलक्या चित्राचे वेगळे, आणि दूरच्या त्या कोठारात एकेक करून जाऊ लागले. लाईन आमचीच, तेव्हा वेळ लागायचाच. बाईंचे ओठ हलत होते. कहाणी संपली की पुन्हा सुरू करत होत्या. मूठ उघडत नव्हत्या.

काका दोनदा डोकावले. "अगं, चहा तरी?"

"संपू दे."

"अपूर्वा, तुझ्या कॉम्प्युटरला जरा घाई करायला सांग. तुझी आई ऐकायची नाही."

शेवटचा तुकडा गेला तेव्हा अपूर्वाने हळूच आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "गेली, आई. सगळी गेली. एकही तुकडा मागे राहिला नाही." बाईंनी चालू होती ती कहाणी शेवटपर्यंत नेली, अक्षता देवीला वाहिल्या आणि मगच उठल्या.

पुढचा गुरुवार उजाडला. सांगायला संकोच वाटतो, पण दिवेलागणीला मी नेहमीसारखा तयार होतो. मागणी आली नाही. एकही नाही. तळेगाव नाही, कामशेत नाही, पवनेकडून तर नाहीच. आता सगळं तिकडच्या कोठारातून जात होतं. माझे दिवे शांत होते. शकुबाईंची कहाणी कुठवर आली, थांबली की चालली, मला कळायला काही मार्गच उरला नव्हता. बाईंनी नैवेद्याचं ताट झाकून ठेवलं होतं, आणि फोन समोर.

तो वाजला.

"ताई, शकू बोलतीया."

"बोला. झाली?"

"झाली की! चाक आलंच न्हाई. चित्र जरा धुरकट व्हतं, पन तुमचा आवाज मातूर घरात बसल्यावानी. अक्षता वाहिल्या."

"आणि जेवलात?"

"हे काय, ताट म्होरंच हाय. सुरज बी सुट्टी घिऊन बसलाय म्हाताऱ्या आईवर पहारा द्यायला. म्हनतोय, खाल्ल्याबिगर उठू देनार न्हाई."

मागून सुरजचा आवाज आला, "मावशी, तुमीच सांगा तिला, गोड बी खा म्हनून!"

बाई हसल्या, पदराने डोळे टिपले, आणि म्हणाल्या, "घ्या घास शकुबाई. मी फोन ठेवत नाही."

मंडळी, हल्ली माझ्याकडे फारसं काम नसतं. अधूनमधून नवी पूजा येते, तिची एक प्रत मी ठेवतो, दुसरी कोठारात जाते. दूरचं कोठार कधी रुसलं तर असावी म्हणून ती अखंड कहाणी माझ्या पोटात अजून तशीच आहे. कुणी मागत नाही, आणि मागायची वेळ येऊ नये असंच मला वाटतं. एका डिस्कचा आवाजही आता जरा घरघरतो. अपूर्वा म्हणते, येत्या वर्षी बदलावी लागेल. बदलू दे. राबलो तेवढं पुरे झालं.

जाताना एक मागणं मागतो. तुमच्याही फोनवर ऐन कहाणीत कधी ते चाक फिरायला लागेल. तेव्हा स्वतःला दोष देत उपाशी बसू नका. पलीकडे कुठेतरी माझ्यासारखा एखादा डबा दमलेला असतो, एवढंच. जिने कहाणी पाठवली तिला फोन करा, ती तोंडी सांगेल. आणि तुम्ही पाठवणाऱ्या असाल, तर दिवेलागणीनंतर एकदा विचारा हो पलीकडे, "जेवलात का?"