दादा म्हणू नकोस

शेवटची मॅच नुसती बरोबरीत सुटली असती, तरी क्लब वरच्या गटात टिकला असता. हंगामभर मार खाऊन सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला होता, तरी त्या दिवशी पोरं जिवाच्या कराराने लढली. आणि अगदी संपता संपता एक उंच बॉल गोलसमोर आला. गोलकीपर होता कॅप्टनचा धाकटा भाऊ. तो पुढे झेपावत ओरडला, "दादा!"

त्याला म्हणायचं होतं, दादा, बाजूला हो. पण थोरल्याने ही हाक लहानपणापासून एकाच अर्थाने ऐकली होती: दादा, धाव. तो धावला. टक्कर झाली, दोघे भाऊ आडवे, आणि बॉल टप्पे खात जाळ्यात. क्लब खालच्या गटात घसरला.

रात्री घरी जेवायला वाढताना थोरल्याची बायको म्हणाली, "ताटावर कधी एकमेकांना 'तू घे' म्हणाला नाहीत. बॉलवर तरी कसं सुचणार?"

कोणी हसलं नाही. धाकटा खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, माझे हातमोजे कुणालातरी देऊन टाक. मी नाही आता खेळणार."

थोरल्याला वाटलं, क्लब आज ना उद्या वर येईल. पण हा असा घरात बसला तर?

सकाळी त्याने धाकट्याला जवळजवळ ओढतच मैदानावर नेलं. "मी बॉल उडवतो आणि आडवा येतो. तू 'माझा' म्हणून ओरडायचं. दादा म्हणायचं नाही."

"तुझ्यासमोर माझा कसं म्हणू, दादा?"

"झालं, पुन्हा दादा!"

पहिल्या बॉलला धाकटा नुसता पुटपुटला.

"हे काय? देवापुढे नवस बोलतोयस? माझी सायकल पळवायचास तेव्हा विचारायचास का?"

"तेव्हा तू झोपलेला असायचास."

"मग आत्ताही झोपलोय समज!"

धाकट्याला हसू फुटलं. पुढचा बॉल उडाला, तसा तो उसळला. "माझाऽऽ!" गुडघा थोरल्याच्या बरगडीत बसला. थोरला चिखलात उताणा पडला. धाकट्याने बॉल छातीशी घट्ट धरला होता.

"लागलं का रे?"

थोरल्याने हातानेच नाही म्हटलं.

"मग ऊठ. आता डावीकडून उडव. तिकडून माझी तारांबळ उडते."