बधिर हात

एकाहत्तर सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. देवळाली प्रवऱ्याजवळच्या फडात ऊस तोडताना कोयता निसटला आणि गोजरबाईच्या डाव्या मनगटात बसला. मुकादमानं तिला बैलगाडीतून दवाखान्यात आणून सोडलं आणि तो परत गेला. गोजरबाई विधवा. पाथर्डीकडच्या टोळीत ती दिराच्या बिऱ्हाडासोबत आली होती. दीर आणि जाऊ फडातच राहिले.

मनगटात बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या तुटल्या होत्या. भूल देणाऱ्या डॉक्टर मोहियोद्दीननी विचारलं तेव्हा कळलं, की ती नुकतीच भाकरी खाऊन फडात उतरली होती. भरल्या पोटी पूर्ण भूल देणं धोक्याचं. त्यांनी काखेत सुई देऊन फक्त हात बधिर करायचं ठरवलं. नुसत्या औषधाचा असर टाके संपायच्या आत उतरला असता, म्हणून त्यात अगदी थोडं अ‍ॅड्रिनॅलिन मिसळलं. त्यानं बधिरपणा लांबतो.

ऑपरेशन नीट झालं. दुपारी वॉर्डात गोजरबाईचा डोळा लागला. जरा जाग आली तेव्हा पोटावर कुणाचा तरी हात होता. जड, ऊबदार. डोळे न उघडताच तिनं उजव्या हातानं ती बोटं धरली.

"छबू, आलीस व्हय?"

छबूबाई तिची धाकटी बहीण. बोटं हलली नाहीत. गोजरबाई हळू आवाजात तिच्याशी बोलत राहिली, फडातल्या थंडीबद्दल, मेलेल्या नवऱ्याबद्दल. मग उजवा हात वर सरकला आणि बँडेजला लागला.

डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते खाटेजवळ आले आणि तिच्या एकेका बोटाला हलकेच टाचणी लावत, लागतंय का विचारू लागले. ती प्रत्येकदा मान हलवून नाही म्हणाली.

"डाक्टर, ह्यो हात कवा माझा हुईल?"

"संध्याकाळपर्यंत. मग दुखेल."

"दुखू द्या," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पाथर्डीच्या एसटीच्या कंडक्टरकडे छबूबाईला निरोप धाडला. उत्तर आलं, की तीही ऊसतोडीलाच गेली होती, कुठल्या कारखान्यावर ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं. गोजरबाईनं ते ऐकून घेतलं. टाके निघाल्यावर करंगळी सोडून बाकीची बोटं वाकू लागली. डॉक्टरांनी स्वतः तिला पाथर्डीच्या एसटीत बसवून दिलं. शेजारची जागा रिकामी होती. तिथं तिनं आपलं गाठोडं ठेवलं आणि बाहेर बघत राहिली.