घसा आणि पोट

त्या जर्मन आरमारात पदकाची हाव धरणाऱ्यासाठी एक खास बोली होती. अमक्याचा घसा दुखतोय, असं म्हणत. सगळ्यात मानाचं पदक गळ्यात, कॉलरच्या मधोमध बांधायचं असे, आणि ते मिळेपर्यंत माणूस जी मान उंचावून फिरतो, त्याला दुसरं काय म्हणणार? डेटलेफ ओल्टमान्सचं म्हणाल तर त्याचा घसा ठणठणीत होता. दुखत होतं ते पोट, आणि तेही युस्ट फेडरसेनच्या घशापायी.

दोघेही टॉर्पेडो टाकणाऱ्या वेगवान बोटींचे कप्तान. दोघेही तिशीच्या आतले, तरी खलाशी पाठीमागे दोघांनाही 'म्हातारा' म्हणत, कारण कप्तान म्हटला की तो म्हाताराच. नौदलाच्या शाळेपासून फेडरसेन पुढे आणि ओल्टमान्स बोटभर मागे. शिडाच्या शर्यतीत बोटभर, परीक्षेत बोटभर, नाचासाठी मुलीसमोर हात पुढे करण्यातही बोटभर. मैलभर मागे असता तर त्याने कधीच नाद सोडला असता. बोटभर अंतर माणसाला झोपू देत नाही.

युद्धाच्या तिसऱ्या वर्षी दोघेही नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला, किर्केनेसच्या धक्क्यावर येऊन पडले. तिकडे इंग्लिश खाडीतल्या त्यांच्याच आरमाराच्या बोटी रोज काहीतरी बुडवून पेपरात फोटो छापून घेत होत्या, आणि हे इथे परक्यांच्या गावात, पाठ फिरवून उभ्या राहणाऱ्या कोळ्यांच्या सोबतीने दिवस मोजत बसलेले. उन्हाळ्यात तर सूर्य मावळायलाच तयार नव्हता, आणि अंधार नसला की या बोटी म्हणजे ताटात वाढलेले मासे. हिवाळ्यात अंधार हवा तेवढा मिळाला, पण त्याच्याबरोबर बर्फही आला.

साऱ्या मोसमात मिळून एक रशियन जहाज बुडालं होतं. दोन्ही बोटींनी एकदमच टॉर्पेडो सोडले, एक लागला, एक गेला. कोणाचा लागला हे समुद्रालाच ठाऊक. ताफ्याचा प्रमुख कोर्फ याने ते जहाज फेडरसेनच्या नावावर लिहून टाकलं. फेडरसेनच्या बोटीवर पांढऱ्या रंगाने जहाजाचं चित्र निघालं. आचाऱ्याने मनुके घालून केक केला, आणि त्यातला मोठा तुकडा घेऊन फेडरसेन स्वतः ओल्टमान्सकडे आला.

"घे रे. निम्मं जहाज तुझंच आहे."

"निम्मं जहाज बुडत नाही," ओल्टमान्स म्हणाला.

फेडरसेन खदखदून हसला. त्याला वाटलं विनोद झाला. ओल्टमान्सने तो केक खाल्ला, आणि तो चांगला झाला होता याचाही त्याला राग आला. दिलदार माणसाचा हेवा करणं फार जड जातं. कंजूष, कपटी माणसाचा हेवा करताना निदान मनाला आधार तरी असतो.

धक्क्यावर एक पिवळं कुत्रं होतं. गावातल्या कोणाचं तरी असेल, पण परक्या गणवेशाच्या हातून ते भाकरीचा तुकडाही घेत नसे. ओल्टमान्सने पावाला डुकराची चरबी लावून पाहिली. कुत्र्याने हुंगलं आणि तोंड फिरवलं. फेडरसेनने मात्र नुसती चुटकी वाजवली की ते त्याच्या बुटाशी येऊन बसायचं. आता कुत्र्यावरून कोणी जळतं का? ओल्टमान्स जळायचा.

अशात बातमी आली. तीन रशियन जहाजं समोरच्या द्वीपकल्पाला वळसा घालून पलीकडच्या रशियन बंदरात शिरणार होती. कोर्फने दोघांना बोलावलं.

"फेडरसेन पुढे, ओल्टमान्स मागे," तो म्हणाला. "वळणाच्या आधी गाठायचं. फेडरसेन, आणखी एक मिळालं तर तुमच्या घशाचं औषध मी स्वतः वर लिहून मागवतो."

खोलीतले सगळे हसले. ओल्टमान्सही हसला, दात दाखवण्यापुरता.

भर दुपारी दोन्ही बोटी निघाल्या तेव्हा आकाशात चंद्र होता. त्या महिन्यात तिकडे सूर्य उगवतच नसे, दुपारीही तोच. वारा बाजूने येत होता आणि प्रत्येक लाटेचं पाणी डेकवर पडेपर्यंत गोठत होतं. कठड्यांवर, दोरांवर, टॉर्पेडोच्या नळ्यांवर बर्फाचा थर चढत होता. त्या पाण्यावरचे लोक शत्रूइतकेच या थराला भीत. बोट वरून जड झाली की उलटते, आणि उलटल्यावर त्या थंडीत पोहता येणाऱ्याचा आणि न येणाऱ्याचा हिशेब सारखाच. म्हणून अधूनमधून थांबून कुऱ्हाडी आणि लाकडी हातोडे घेऊन बर्फ तोडायचा, असा नेम होता. पण थांबलं तर जहाजं निसटणार होती.

यात एक मोठी फसगत आहे. हलकी बोट लाटेवर झटक्याने कलते आणि झटक्याने परत येते, माणसाचे दात खिळखिळे करते. वरून जड झालेली बोट मात्र सावकाश कलते, टोकाला जराशी रेंगाळते, आणि मग मेहरबानी केल्यासारखी परत येते. आतल्यांना बरं वाटतं. समुद्र शांत झाला असं वाटतं. धोका दिसतो तो बाहेरच्याला.

आणि ओल्टमान्सला तो दिसला. पुढे चाललेली फेडरसेनची बोट चंद्राच्या उजेडात पाळण्यासारखी डुलत होती. डावीकडे जायची आणि थांबायची. उजवीकडे जायची आणि थांबायची.

त्याचा हात इशाऱ्याच्या दिव्याकडे गेला. चार शब्द पुरे होते. 'जड झालास. बर्फ तोड.' पण हात तिथेच राहिला. फेडरसेन काय म्हणेल? म्हणेल, ओल्टमान्सच्या पोटात दुखतंय, माझं जहाज हुकावं म्हणून थांबवतोय. सगळा ताफा हेच म्हणेल. आणि ते अगदीच खोटंही नव्हतं, हीच तर अडचण. त्याने स्वतःला समजावलं की फेडरसेन काही कुकुलं बाळ नाही, त्याचं त्याला कळेल. पुढची लाट गेली की सांगू. ती गेली. तिच्या पुढची गेली की सांगू. असा तो मूग गिळून उभा राहिला. ती बोट टोकाला रेंगाळून परत आली की प्रत्येक वेळी सुटका वाटायची. आणि त्या सुटकेच्या तळाशी थोडी निराशाही असायची. ती त्याने पाहिली, आणि पाहिली नाही असं केलं.

"साहेब, कॉफी," दिवेवाला रुंगे म्हणाला. त्याने कप कठड्यावर ठेवला. "आज समुद्राला दया आलीय. कप ठेवला तर राहतोय बघा."

"ठेव," ओल्टमान्स म्हणाला. त्याची नजर पुढच्या बोटीवरून हलली नव्हती.

इतक्यात पुढे दिवा लुकलुकला.

"काय म्हणतोय?" ओल्टमान्सने विचारलं. "घसा कसा आहे विचारतोय का?"

रुंगे ओठ हलवत अक्षरं जुळवत होता. मग त्याने कपाकडे पाहिलं. कॉफी कपात हलतसुद्धा नव्हती.

"नाही साहेब. 'तुझी बोट फार डुलतेय. आता उलटशील. मी थांबतोय, तूही थांब. बर्फ तोडा.'"

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे सांगायला खरं म्हणजे उत्तर ध्रुवापर्यंत जायची गरज नव्हती. ओल्टमान्सने मागे वळून पाहिलं. त्याची डोलकाठी माणसाच्या कमरेएवढी जाड झाली होती. टॉर्पेडोच्या नळ्या नाहीशा होऊन तिथे पांढरे उंचवटे उभे होते. पायाखाली बोट कलली, रेंगाळली, आणि परत यावं की नाही याचा तिने चांगला विचार केला.

"सगळे वर या," तो ओरडला. "कुऱ्हाडी घ्या."

दोन्ही बोटी वाऱ्याकडे तोंड करून थांबल्या आणि साऱ्या खलाशांनी हात सोलेपर्यंत बर्फ फोडला. ते चाललेलं असताना दूर क्षितिजावर तीन काळे ठिपके वळणाआड गेले. फेडरसेनच्या तोंडाशी आलेला घास गेला, आणि तो त्याने ओल्टमान्सच्या बोटीसाठी सोडला होता.

परतल्यावर कोर्फने दोघांना आपल्या खोलीत उभं केलं. बसायला सांगितलं नाही.

"तीन जहाजं," तो म्हणाला. "नाकासमोरून. कोणी थांबवलं?"

"मी, साहेब," फेडरसेन म्हणाला. "माझी बोट बर्फाने जड झाली होती."

ओल्टमान्सने त्याच्याकडे पाहिलं. फेडरसेन भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होता. स्वतःच्या बोटीवरचा बर्फ न कळलेल्या कप्तानाला कोर्फ दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर बसवत असे, हे दोघांनाही ठाऊक होतं. फेडरसेन मित्रासाठी खोटं बोलत होता. निदान तसं त्याला वाटत होतं. त्याच्या तोंडून निघालेलं अक्षर न् अक्षर खरं आहे, हे त्या खोलीत एकट्या ओल्टमान्सला माहीत होतं.

पण कोर्फ कालचा पोर नव्हता.

"तुमची बोट जड झाली हे तुम्हाला कसं कळलं? आत बसलेल्याला कधी कळत नाही."

"अंदाज आला, साहेब."

"अंदाज!" कोर्फ थंडपणे म्हणाला. "जहाजं समोर असताना ज्याला बर्फाचा अंदाज येतो, त्याला आमच्या धंद्यात दुसरं नाव आहे. त्या नावाने भिंतीला उभं करून गोळ्या घालतात." मग तो वळला. "ओल्टमान्स, तुम्ही मागे होता. याची बोट डुलताना तुम्हाला दिसली?"

एक शब्द. 'नाही' म्हटलं की संपलं. फेडरसेनचं पदक तर गेलंच, बोटही गेली, नाव गेलं, कदाचित मानही. इतक्या वर्षांचं ते बोटभर अंतर एका शब्दात पार झालं असतं, आणि कोणी त्याला दोष दिला नसता. अंधारात नाही दिसलं, साहेब. कोणाला दिसतं?

ओल्टमान्सच्या जिभेवर तो शब्द आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याने पुन्हा फेडरसेनकडे पाहिलं. तो तसाच उभा होता, ताठ, कोणाला काही न मागता. म्हणजे इथेही हाच पुढे. शर्यतीत पुढे, नाचात पुढे, कुत्र्याच्या प्रेमात पुढे, आणि आता मोठ्या मनातही हाच बोटभर पुढे. हे मात्र ओल्टमान्सला सहन झालं नाही. सचोटीने, मैत्रीने जे झालं नसतं ते जळफळाटाने झालं.

"दिसली, साहेब," तो म्हणाला. "वाईट डुलत होती. थांबला नसता तर उलटला असता."

"केव्हापासून दिसत होतं?"

"बराच वेळ."

"मग दिवा का नाही दाखवला?"

"नाही दाखवला, साहेब."

कोर्फने त्याच्याकडे पाहिलं, जसं बुटाला लागलेल्या घाणीकडे पाहतात तसं. मग तो फेडरसेनला म्हणाला, "तुम्ही जा. बोट वाचवलीत, ठीक केलंत. तुमच्या पदकाचा कागद मी अडवणार नाही." आणि ओल्टमान्सला म्हणाला, "तुमची बोट उद्या दुसऱ्याच्या ताब्यात. तुम्ही धक्क्यावरचं दोरखंडाचं गोदाम सांभाळा. दोरखंड बुडत नाहीत."

ओल्टमान्स बाहेर आला तेव्हा फेडरसेन धक्क्यावर त्याची वाट पाहत उभा होता. पिवळं कुत्रं त्याच्या पायाशी होतं. फेडरसेनने पुढे होऊन त्याचे दोन्ही खांदे धरले. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते त्याने लपवले नाहीत.

"काय थाप मारलीस रे लेका! माझी बोट म्हणे वाईट डुलत होती. अरे, बर्फ होता थोडा, पण त्या दुपारी ती लोण्यासारखी चालली होती."

ओल्टमान्सने त्याचे हात खांद्यांवरून बाजूला केले.

"मला वाचवायला स्वतःची बोट घालवलीस. मी तुझ्यासाठी थोडंसं खोटं बोललो, ते सोपं होतं, त्यात माझं पदकच तेवढं गेलं असतं. तू नाव घालवलंस." फेडरसेनचा आवाज खाली आला. "खरं सांगू, डेटलेफ? मला तुझा हेवा वाटतो. मला नसतं जमलं."

हेच शब्द. याच तोंडून. शाळेच्या बाकापासून ओल्टमान्स झोपताना ज्यांची वाट पाहत आला होता ते हेच, आणि शब्दशः. ते आता त्याच्यासमोर ठेवले होते आणि त्यांना हात लावायची त्याला सोय नव्हती.

"थाप नव्हती ती," तो म्हणाला. "मला खरंच दिसत होतं, युस्ट. मी मुद्दाम गप्प बसलो."

फेडरसेनने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग मान हलवत हसला, तेच त्याचं जुनं मोकळं हसू, आणि त्याच्या पाठीवर एक थाप दिली.

"बघ. हे असं. आता उपकारही वाटू देत नाहीस."

ओल्टमान्स दुसऱ्यांदा ते बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. फेडरसेन बोटीकडे निघाला. चार पावलं गेल्यावर त्याने चुटकी वाजवली, पण कुत्रं हललं नाही. ते ओल्टमान्सच्या बुटाशी येऊन बसलं होतं, आणि ओल्टमान्सला त्याच्याकडे खाली बघवत नव्हतं.