धाकट्याच्या शेडचा पत्रा

"फरशी कशाला धुतलीस एवढी घासून?" थोरला छपरावरूनच म्हणाला. "आता पत्रा उचकटला की सगळा गंज खाली येणार."

"येऊ दे. परत धुईन," खालून भावजय म्हणाली.

थोरला छपरावर आडव्या टाकलेल्या फळीवर पालथा पडून भोकातून आत बघत होता. भोक एक माणूस आरपार जाईल एवढं होतं. पत्र्याच्या कडा आत वाकल्या होत्या आणि चार महिन्यांत त्यांच्यावर नवा, नारिंगी गंज चढला होता. इथूनच त्याचा धाकटा भाऊ खाली गेला होता. तेव्हा खाली दुरुस्तीला आलेल्या शिलाई मशीनचा ओतीव लोखंडी पाया होता. त्यावर कंबर आदळली आणि कमरेखालचं सगळं गेलं.

थोरल्याचं आयुष्य छपरांवर गेलेलं. गोदामं, गोठे, शाळांच्या शेडी, सायकल स्टँड. पस्तीस वर्षांत त्याने किती पत्रे ठोकले याची गणती नव्हती. वस्तीत त्याला नावाने कोणी हाक मारत नसे, सगळे पत्रेमास्तर म्हणत. घरामागची ही शेडही त्यानेच उभी केलेली, मिसरूड फुटल्यावर लगेच. वडील तेव्हा हयात होते. धाकटा शिलाई मशीन दुरुस्त करायला लागल्यावर शेड आपोआप त्याची झाली.

शेड गळते म्हणून धाकट्याने त्याला तीनदा सांगितलं होतं. थोरल्याच्या हातात एका कारखान्याचं मोठं छप्पर होतं, तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. चौथ्यांदा फोन आला तेव्हा तो त्या छपरावरच होता, एका हातात ड्रिल आणि उन्हाने डोकं उठलेलं.

"दादा, रात्री परत मशीनवर पाणी पडलं रे. लोकांच्या वस्तू आहेत."

"मग तूच चढ ना! एक डांबरी पट्टी मारायचीय. हुकांच्या ओळीवरून चाल, खाली वासा असतो. काही होत नाही."

एवढंच बोलून त्याने फोन खिशात टाकला होता. दीड तासाने भावजयीचा फोन आला, पण तिला नीट बोलताही येत नव्हतं.

त्यानंतर तो दवाखान्यात दोनदा गेला. दोन्ही वेळा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला, पाण्याची बाटली इकडची तिकडे ठेवली आणि परतला. धाकट्याला घरी आणल्यावर तर तो फिरकलाच नाही. भोकावर भावजयीने प्लास्टिक बांधलं होतं. गेल्या आठवड्यात तिनेच फोन केला, "दादा, तेवढा पत्रा बसवून द्या. दुसऱ्या कोणाला वर चढा म्हणायची माझी छाती होत नाही."

आता प्लास्टिक सोडल्यावर त्याला दिसलं, की शेड रिकामी होती. मशीन, सुट्या भागांचे डबे, फळ्या, काही नाही. भिंतीला पांढरा हात दिलेला. एका कोपऱ्यात लोखंडी पलंग.

"सामान कुठं गेलं सगळं?"

"ज्याचं त्याला परत केलं. बाकीचं जिन्याखाली ठेवलंय." ती थोडी थांबली. "ते इथं राहायला येणार आहेत दादा. मी पण."

"इथं?"

"मग कुठं? आमच्या माडीचा जिना बघितलाय ना तुम्ही? चार महिने झाले, त्यांनी आभाळ बघितलेलं नाही. खालच्या खोल्यांत भाडेकरू, ते काही हलत नाहीत. या दारातून चाकाची खुर्ची सहज जाते, मी मापून बघितलं."

"अगं, पण याच छपराखाली?"

"तेच म्हणाले. पत्रा दादानं बसवला तर जातो, म्हणाले."

थोरल्याने कटावणी उचलली. बोलण्यापेक्षा हात चालवणं त्याला कधीही सोपं जाई. त्याने कडेचे हुक उचकटले, फाटका पत्रा उचलला आणि फळीवरून मागे सरकवला. खालचा वासा उघडा पडला.

वासा वरून शाबूत दिसत होता. त्याने बोट टेकवलं तर ते पेरभर आत गेलं. आतून नुसता भुसा होता. पाणी हुकांच्या भोकांतून वर्षानुवर्षं मुरलं होतं आणि जिथे जिथे हुक, तिथे तिथे लाकूड कुजलं होतं. वासा मोडला होता तो बरोबर एका हुकाखाली. फाटलेल्या पत्र्यावरही फाट हुकांच्या ओळीवरूनच सुरू झालेली. एक बोटही इकडे नाही की तिकडे नाही.

धाकटा त्याने सांगितलं तसाच चालला होता.

थोरल्याने वाशाचा कुजका तुकडा मोडून हातात घेतला आणि तो तसाच फळीवर पडून राहिला. खालून भावजय म्हणाली, "काय झालं? चक्कर येतेय का?"

"नाही."

"खाली या, चहा घ्या. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका दादा. ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले, दादा नको नको म्हणत होता, मीच ऐकलं नाही. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं."

थोरला शिडीवरून खाली उतरला. हातातला कुजका तुकडा त्याने दाराशी ठेवला.

"मी नको म्हणालो नव्हतो," तो म्हणाला. "चढ म्हणालो होतो. कुठून चालायचं तेही मीच सांगितलं. बघायला मात्र आलो नाही."

भावजयीच्या हातात चहाचा कप होता. तिने तो त्याला दिला नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू त्याने परक्या भाषेत काही सांगितलं होतं आणि तिला ते हळूहळू उलगडत होतं. मग तिने कप शेडच्या उंबऱ्यावर ठेवला, पदराने हात पुसले आणि ती जिना चढून वर गेली.

कपातला चहा तसाच गार झाला.

दुपारभर तो एकटाच राबला. एकच वासा बदलायचा होता, पण त्याने सगळे बदलले. लाकडी काढून दुकानातून मागवलेले लोखंडी टाकले. पत्राही भोकापुरता नाही, तो उतारच्या उतार नवा घातला. पत्र्यांच्या कडा एकमेकांवर दीड पन्हळीएवढ्या चढवल्या, प्रत्येक हुकाखाली वॉशर दोनदा दाबून पाहिलं. माडीच्या खिडकीत कोणी आलं नाही. ठोकाठोकीचा आवाज वर जात असणार, हे त्याला प्रत्येक घावाला जाणवत होतं.

ऊन कलल्यावर भावजय खाली आली, सोबत शेजारचा रिक्षावाला. "झालं असेल तर यांना आणू या," ती रिक्षावाल्याकडे बघून म्हणाली.

थोरल्याने आणि रिक्षावाल्याने मिळून धाकट्याला खुर्चीसकट उतरवलं. जिना अरुंद, वळणावर खुर्ची अडकली, तेव्हा थोरल्याने त्याला सरळ उचलून घेतलं. तो फार हलका झाला होता. अंगणात आल्यावर धाकट्याने डोळे गच्च मिटले आणि उजेड सोसेपर्यंत तसेच ठेवले. मग त्यांनी त्याला शेडमधल्या पलंगावर निजवलं. रिक्षावाला गेला. भावजय उशी सारखी करायला लागली.

धाकटा छताकडे बघत होता.

"तिला सांगितलंस ना?" तो म्हणाला.

"हो."

"काय गरज होती? झालं ते झालं. निदान तुमच्यात तरी बोलणं राहिलं असतं."

भावजय उशीवरून हात न काढता उभी राहिली.

थोरला म्हणाला, "वासा कुजला होता. हुकांखालीच. तू ओळीवरूनच चालत होतास."

धाकट्याने मान वळवली. "ओळीवरून?"

"बरोबर ओळीवरून. एक बोटसुद्धा चुकला नव्हतास."

धाकट्याचं बोट चादरीवरून सरळ रेघेत फिरलं.

"मला वाटायचं, माझाच पाय घसरला," तो हळू आवाजात म्हणाला. "दादानं सांगितलं होतं, तरी आपण कुठंतरी चुकलो. रोज माडीवर पडल्या पडल्या मनात तेच पाऊल टाकून बघायचो रे. डावा टाकला, उजवा टाकला. कुठं चुकलो तेच सापडत नव्हतं." त्याने श्वास घेतला. "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं."

"नाही."

"तुझं चुकलं."

"हो," थोरला म्हणाला. "माझं चुकलं."

भावजयीने तोंड फिरवलं आणि ती दारात जाऊन उभी राहिली. तिची पाठ हलत होती. धाकटा पुन्हा वर बघायला लागला. नव्या पत्र्याखाली त्याचा चेहरा उजळलेला दिसत होता, पण तो हसत नव्हता आणि रडतही नव्हता.

"चालून दाखव," तो म्हणाला.

"आं?"

"वर जा. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखव. मला इथून ऐकायचंय."

थोरला बाहेर आला. शिडी अजून लावलेलीच होती. तो वर चढला आणि नव्या पत्र्यावर उभा राहिला. त्याने एक पाऊल टाकलं, सगळं वजन त्यावर दिलं, मग दुसरं. पत्रा वाजला, पण दबला नाही. टोकाला पोचून तो थांबला.

"परत," आतून आवाज आला.

तो वळला आणि परत चालला.

"अजून एकदा."

समोरच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढणारी बाई हात थांबवून बघायला लागली. काम संपलेलं दिसत होतं, फळी खाली टाकलेली होती, हत्यारं पिशवीत भरलेली होती आणि पत्रेमास्तर रिकाम्या हातांनी त्या छपरावर या टोकाकडून त्या टोकाकडे जात होते, तिथून वळून परत येत होते.