मधली रेघ

मित्रांनो, मी एक जुना हवाई नकाशा आहे. एका लहानशा विमान कंपनीच्या कचेरीत, पाण्याच्या पिंपाच्या वर, मला काचेत बसवून टांगले आहे. पाणी प्यायला आलेले लोक पेला हातात धरून म्हणतात, "काय सुंदर जुना नकाशा आहे!" मला ते ऐकवत नाही. माझ्या सुंदर असण्याचा कुणाला काय उपयोग झाला, ते तुम्हीच ऐका.

पृथ्वी गोल आणि मी सपाट, म्हणजे माझ्या जन्मातच तडजोड आली. मला कसे रचले ते मास्तरांच्या युक्तीनेच सांगतो. मास्तर म्हणजे आमच्या कंपनीत वैमानिकांना दिशा काढायला शिकवणारे जुने वैमानिक. त्यांच्या लेकीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसतच नसे. तिच्या वाढदिवसाची शंकूसारखी कागदी टोपी मास्तरांनी टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलाला घातली.

"आता गोलावरच्या रेघा टोपीवर उतरवायच्या, टोपी कापायची आणि पसरायची. झाला नकाशा!"

"म्हणजे आज पृथ्वीचाही वाढदिवस?"

"असू दे की. केक मात्र तुझाच."

टोपी जिथे गोलाला टेकते तिथली मापे खरी उतरतात, दूरची थोडी ताणली जातात. उत्तर-दक्षिण रेघा टोपीच्या टोकाकडे एकमेकींजवळ सरकत जातात. माझ्यावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, की ती जवळपास सगळ्यात कमी अंतराची वाट असते. वैमानिक माझ्यावर खूश असत ते यासाठीच. पण यात एक मेख आहे. उभ्या रेघा कललेल्या असल्यामुळे तीच वाट प्रत्येक रेघेला वेगळ्या कोनात कापते. मग विमानाचे नाक कोणत्या कोनावर धरायचे? मास्तर म्हणत, "वाटेच्या मधोमध येणारी रेघ शोध आणि तिच्यावर कोनमापक ठेव. सुरुवातीच्या रेघेवर मोजलास तर भलतीकडेच जाशील."

भिंगरी हे ऐकत ऐकत मोठी झाली आणि वैमानिक झाली. मास्तरांची छाती अभिमानाने फुगली. माझेही तेव्हा लाड होत. टेबलावर मला पसरण्याआधी विमाने दुरुस्त करणारा मिस्त्रीसुद्धा हात धुऊन येई.

पण आमचा ड्रॉवर आखूड होता. काम झाले की मला मधोमध दुमडून आत सरकवायचे, अशी सवयच पडली. घडी दररोज त्याच जागी पडायची. हळूहळू तिथला कागद विरला, तिथली उभी रेघ पुसट झाली. कुणीतरी वरून चिकटपट्टी लावली. ती पिवळी पडली आणि रेघ तिच्याखाली दिसेनाशीच झाली.

भिंगरीच्या ते लक्षात आले होते. "बाबा, नवा नकाशा मागवा ना. याचं पोट फाटलंय."

"नकाशा म्हणजे काय रुमाल आहे, मळला की बदलायला? याच्यावर मी अर्धं आयुष्य उडलोय. अजून चांगला धडधाकट आहे तो."

मला तेव्हा अभिमान वाटला होता. आज त्या अभिमानाची शिसारी येते.

एके दिवशी समुद्रातल्या एका लांबच्या बेटावर तातडीने औषधे पोहोचवायची वेळ आली. भिंगरीची नेहमीची उड्डाणे किनाऱ्याकिनाऱ्याने, आखूड पल्ल्याची. तिथे कोन कुठेही मोजला तरी फारसे बिघडत नसे. मास्तर बाहेर विमानात इंधन भरून घेत होते. तिने मला पसरले, पट्टीने पूर्वेकडची वाट आखली आणि मधली रेघ शोधू लागली. मला खिडकीच्या उजेडात धरून पाहिले. चिकटपट्टी नखाने खरवडून पाहिली. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. शेवटी तिने घड्याळाकडे पाहिले, निघण्याच्या ठिकाणाजवळच्या स्वच्छ रेघेवर कोनमापक ठेवले, आकडा तळहातावर लिहिला आणि पळाली.

फरक दोन-तीन अंशांचाच होता, उत्तरेच्या बाजूला. एवढ्या लांबच्या वाटेवर तेवढ्याने बेट नजरेच्या टप्प्यातून निसटते.

दुपारी रेडिओ खरखरला. मास्तर माझ्याशेजारीच बसले होते.

"बाबा, बेट दिसत नाहीये. केव्हापासून शोधतेय. उत्तरेकडेही जाऊन आले."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "भिंगरे, कोन कुठल्या रेघेवर मोजलास?"

"पहिल्या. मधली दिसतच नव्हती, बाबा."

"बेट तुझ्या दक्षिणेला आहे! वळ, दक्षिणेला वळ, बाळा!"

"वळते. पण इंधन..."

मग नुसती खरखर. मास्तर अंधार पडेपर्यंत एकच वाक्य बोलत राहिले, "दक्षिणेला वळ, बाळा." मिस्त्रीने त्यांच्या हातातून माईक काढून घेतला तेव्हाही ते बोलतच होते. बोटी गेल्या, विमाने गेली. काहीच सापडले नाही.

नवा नकाशा पुढच्याच आठवड्यात आला. इतके सोपे होते तो आणणे.

एका सकाळी मास्तरांनी मला टेबलावर घेतले. चिकटपट्टी भिजवून हलकेच सोडवली, मागून कोरा कागद डकवला, पट्टी धरली आणि टोकदार पेन्सिलीने ती मधली रेघ वरपासून खालपर्यंत पुन्हा काढली. मग कोनमापक तिच्यावर ठेवून त्यांनी भिंगरीच्या वाटेचा कोन मोजला आणि आकडा मोठ्याने वाचला. खोलीत दुसरे कुणीच नव्हते. त्यानंतर ते कामावर आले नाहीत. मला काचेत घातले ते नंतरच्या लोकांनी.

मित्रांनो, तुमच्या हाताखालची वस्तू जिथे झिजते, तिथे लक्ष द्या. कुणी "हे दिसत नाहीये" म्हणाले, तर त्याला हसण्यावारी नेऊ नका. उठा आणि ते दिसेल असे करा. मी याहून जास्त काय मागणार? मला तर आता कुणी दुमडतही नाही.

ती रेघ माझ्यावर अजून आहे, इतकी ठळक की पाणी पिणाऱ्यांनाही लांबून दिसते. भिंगरीला ती एकदाच दिसायला हवी होती.