प्लॉट नंबर चाळीसचा बॉक्स

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला लांबूनच पाहिले असेल. वरातीत टेम्पोवर एकावर एक रचलेले काळे चौकोनी खोके असतात ना, त्यांतलाच मी एक. आता जुना झालो आहे. मला कोणी स्पीकर म्हणत नाही, नुसते 'बॉक्स' म्हणतात. गाण्यातला जाडा, खालचा आवाज काढणे हे माझे काम. हा आवाज कानांपेक्षा छातीत जास्त ऐकू येतो.

माझा जन्म उमरग्याचा. हमरस्त्याला लागून असलेल्या दुकानात गुंडप्पा सुतारांनी मला जाड प्लायवूडचे अंग दिले, आत कापूस भरला, तोंडाला लोखंडी जाळी बसवली. जाळीमागे माझा गोल पडदा आहे. तो कागदाचा आहे. न्यायला आलेल्या माणसाला गुंडप्पा म्हणाले, "वरून दणकट दिसतोय, पर आतून नाजूक हाय ह्यो. जपून न्या."

सहा वर्षे मी हिंमतरावांच्या मंडपाच्या धंद्यात राबलो. "हिंमतरावांचा बॉक्स आला की घरावरचे पत्रे उडत्यात," असे लोक म्हणत आणि मी फुगून जाई. कोणाच्या घरावरचे पत्रे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. पुढे माझ्याहून दुप्पट मोठे, दिवे लावलेले बॉक्स आले आणि माझी रवानगी गोदामात झाली. तिथे पालीने माझ्या पाठीमागे अंडी घातली, एवढीच काय ती माझी विचारपूस.

तिथून मला बाहेर काढले समर्थने. हा हिंमतरावांचा भाचा. मोबाईल दुरुस्त करायचा आणि गिटार वाजवायचा. त्याने माझी जळालेली तार बदलली, मला पुसले आणि मोटारसायकलला बांधून सास्तूरला बिरूच्या घरी आणले.

बिरूचे घराणे मेंढपाळांचे. वडील मेंढरे घेऊन महिनोन्महिने बाहेर. बिरू सकाळी दूध संकलन केंद्रावर काम करी आणि दुपारी गिटार वाजवी. त्याची गिटार चार जाड तारांची, म्हणजे खालच्या सुरांची. तिला माझ्यासारखाच बॉक्स लागतो. तिसरी होती हर्षाली. तीही सास्तूरचीच, पण उमरग्याच्या कॉलेजात वसतिगृहावर राहून शिकत होती. कीबोर्ड वाजवी, गाणी लिही आणि गाई.

हर्षालीच्या फोनमध्ये चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची परदेशी गाणी होती. त्या तऱ्हेला न्यू वेव्ह म्हणतात, असे ती सांगे. त्यात यंत्रासारखा सरळ ठेका असतो, कीबोर्डची गार सुरावट असते, आणि गाणारा गळा काढत नाही, बोलल्यासारखा गातो. तिला ती ऐकून स्वतःचे गाव आठवले. भूकंपानंतर नव्याने वसवलेले सास्तूर. सरळ रस्ते, ओळीत एकसारखी घरे, घरांना नंबर. बिरूच्या घराचा नंबर चाळीस. म्हणून त्यांनी बँडचे नाव ठेवले 'प्लॉट नंबर चाळीस'. पहिल्या गाण्याची सुरुवात अशी होती:

"रस्ता सरळ, घरं सारखी,
पाहुणा विचारतो, तुमचं कुठलं?"

तालीम चाले घराला टेकून उभारलेल्या पत्र्याच्या खोलीत. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. तिथे बिरूची आई, अयोध्या. आमचे वाजणे सुरू झाले की ती लगेच उठून बाहेर जाई. थांबलो की परत येई. मला उघड्या दारातून ती दिसायची. रस्त्याच्या अगदी मधोमध, दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून सारखी लांब, ती नुसती उभी असायची. मला तिचा थोडा रागच येई. एवढा चांगला आवाज आणि ही बाई पळून जाते!

पहिला कार्यक्रम कळंबला झाला. मंडळाच्या स्टेजवर दोन गाणी झाली. समोरची पोरे ओरडली, "नाचायचं लावा की!" तिसऱ्या गाण्याच्या मध्येच कोणीतरी माझी वायर उपसली. परत येताना टेम्पोत तिघे मला टेकून बसले होते.

"आपलं गाणं कुणालाच नको हाय," समर्थ म्हणाला.

"आपल्याला तर पायजे ना?" हर्षाली म्हणाली.

बिरू बाहेर बघत म्हणाला, "माझ्या मायलासुदिक नको हाय. म्या गिटार हातात घेतली की ती भाईर निघून जाती. तोंडानं काय बोलत न्हाय, पर कळतंय की."

मित्रांनो, आपल्याला कळले, असे त्याला वाटले. खरे काय ते कोणालाच कळले नव्हते.

ऑक्टोबरचा रविवार होता. उमरग्याहून येणारी एस.टी. उशिरा आली म्हणून हर्षाली मागाहून पोचली. बिरू आणि समर्थने तालीम सुरू केली होती. तिला रस्त्यात अयोध्या दिसली. पायांत चप्पल नाही, हात पिठाने भरलेले, आणि घरातून भाकरी करपल्याचा वास येत होता.

हर्षाली तिला हाताला धरून दारापर्यंत घेऊन आली आणि आधी माझे बटण बंद केले. "बिरू, काकूंना विचार, त्या भाईर का जात्यात."

"मला म्हाईत हाय. आवडत न्हाय तिला."

"तू विचारलंस का कवा?"

बिरूने आईकडे पाहिले. अयोध्या उंबऱ्याच्या आत आली नाही. हातांवरचे पीठ चोळत राहिली. मग म्हणाली, "गाणं चांगलंच हाय रं तुमचं. पर ह्यो बॉक्स वाजला की मांडणीवरची भांडी वाजत्यात. भांडी वाजली की माझे पाय घरात थांबत न्हाईत."

पदराला हात पुसत ती पुढे म्हणाली,

"त्या पहाटंला बी आधी भांडीच वाजली. मला वाटलं, मांजर चढलंय. मांजर हाकलायला म्हणून उठले, त्येच्या मागं दाराभाईर आले, आन् मागं घर बसलं." ती खाली बघत म्हणाली, "माझा योगीराज आत निजला होता. दोन वर्साचा. त्याला उचलून घ्यावं, आसं कशाला वाटंल? मांजरच तर होतं."

आपल्या आधी एक भाऊ होता आणि तो भूकंपात गेला, हे बिरूला ठाऊक होते. भांड्यांचे मात्र त्याला आज कळत होते. त्याने गळ्यातली गिटार काढली आणि भिंतीला लावून ठेवली. "बंद करतो माय. आजपासून बंद."

"बंद कर म्हणलं का म्या?" अयोध्या एकदम तडकली. "वाजव की. पर वाजवायच्या आधी मला सांगत जा. तवा कुणी सांगितलं न्हवतं."

मित्रांनो, पत्रे उडवण्याची फुशारकी मारणारा मी त्या दिवशी लाजेने आक्रसलो. सहा वर्षे मी अशा किती घरांतली भांडी वाजवली असतील? आणि किती जण मुकाट्याने रस्त्यावर येऊन उभे राहिले असतील?

दुसऱ्या दिवसापासून बिरू तालमीआधी स्वयंपाकघरात जाई. "माय, आता वाजवतो गं." मग अयोध्या मांडणीवरची भांडी उतरवून जमिनीवर वाकळेत ठेवी. पहिले काही दिवस तरीही ती रस्त्यावर गेली. मग अंगणात थांबू लागली, पुढे उंबऱ्यावर. एकदा गाणे चालू असताना ती आत आली आणि तिने माझ्या डोक्यावर तळहात ठेवला. तिने तो गाणे संपेपर्यंत उचलला नाही.

फेब्रुवारीत उमरग्याच्या कॉलेजात स्नेहसंमेलन होते आणि त्यात गाण्यांची स्पर्धा होती. सभागृह मोठे, चारी बाजूंनी बंद, खिडक्यांना काचा. भूकंपानंतर अयोध्या अशा बंद जागेत कधी बसली नव्हती. लग्नातसुद्धा ती मंडपाच्या कडेला उभी राही. त्या दिवशी ती आली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली. एक पाय मात्र दाराबाहेर ठेवला होता.

नाव पुकारले गेले. तिघे स्टेजवर आले. आणि बिरू गिटार गळ्यात तशीच ठेवून स्टेजवरून खाली उतरला. पोरे हसायला लागली. तो सगळ्या सभागृहातून चालत दारापर्यंत गेला आणि आईजवळ वाकला.

"माय, आता वाजवतो."

"व्हय. वाजव."

तो परत आला. समर्थने मोबाईलवर भरलेला ठेका सोडला आणि बिरूने पहिली तार छेडली. मी माझ्या कागदाच्या पडद्यातून तो सूर बाहेर लोटला. खिडक्यांच्या काचा खणखणल्या. मला स्टेजवरून फक्त अयोध्या दिसत होती. तिने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. डोळे मिटलेले. ती आता उठेल, असे मला प्रत्येक ठोक्याला वाटत होते. हर्षाली आपल्या सरळ, शांत आवाजात गात होती. पोरांचे हसणे कधी थांबले, कळले नाही. दुसऱ्या कडव्याला अयोध्याने बाहेरचा पाय आत घेतला.

आमचा तिसरा नंबर आला. पहिला नंबर आला असता तरी मला याहून जास्त आनंद झाला नसता.

'प्लॉट नंबर चाळीस' चौदा महिने चालला. एकूण पाच कार्यक्रम आणि चार गाण्यांचे रेकॉर्डिंग, तेही फोनवर केलेले. समर्थला वाटे, लग्नातली गाणी घ्यावीत. हर्षालीला ते पटत नसे. दोघांची थोडी बोलाचाली झाली, पण बँड मोडला तो त्यामुळे नाही. समर्थला हैदराबादला काम मिळाले, हर्षाली पुढच्या शिक्षणाला पुण्याला गेली. निघण्याआधी तिने कीबोर्ड कापडात गुंडाळला. तिघांनी चहा घेतला. कोणीही 'बँड संपला' असे म्हटले नाही.

त्यानंतर माझ्यावर सोयाबीनची पोती आली. दमटपणाने माझे प्लायवूड फुगले, आणि उंदराने माझ्या पडद्याची कड कुरतडली. मला बिरूचा राग नाही. दूध केंद्राचे काम वाढले आहे, तो थकून येतो.

पण मित्रांनो, तुमच्या घरात असा एखादा जुना बॉक्स, पेटी किंवा ढोलकी असेल, तर तिच्यावर ओझे ठेवू नका. अधूनमधून उन्हात काढा, पुसा. आम्ही वरून दणकट दिसतो, एवढेच. आणि कधी आम्हाला वाजवायला घ्याल, तेव्हा आधी भिंतीपलीकडे जाऊन या. तिथे कोण राहते ते विचारा. एखादे माणूस मुकाट्याने उठून बाहेर गेले, तर त्याला आवडत नाही असे धरून चालू नका. त्याच्यामागे जा, आणि ते सांगेपर्यंत त्याच्याजवळ थांबा.